सव्वादोनची उघडीप

दुपारी सव्वादोनला वारा थांबला. गावात असं वादळ कुणी कधी पाहिलं नव्हतं. पाच तास दारांना आतून कपाटं लावून बसलेली माणसं बाहेर आली. दोन वीसला, जहाजावर नोकरी करणाऱ्या भावाचा फोन बहिणीला लागला.

"संपलं रे एकदाचं. लख्ख ऊन पडलंय."

"वारा हळूहळू कमी झाला की एकदम थांबला?"

"एकदम. नळ बंद केल्यासारखा."

"भाऊजी कुठे आहेत?"

"छपरावर, पत्रे ठोकतायत. सकाळपासून पलंगाखाली होते, आता बघ कसे शूर झालेत!"

"ताई, त्यांना आधी खाली उतरव. हा वादळाचा मधला भाग आहे. अजून अर्धं यायचंय, आणि ते उलट्या बाजूने येईल."

"अरे, सगळी गल्लीच छपरावर आहे."

"मग सगळ्यांना ओरडून सांग. पळ!"

फोन बंद न करताच ती धावली. भावाला तिच्या हाका ऐकू आल्या, मग कुणाचं तरी हसणं, मग वारा. दोन एकतीसला फोन तुटला. संध्याकाळी सहापर्यंत तो पुन्हा लागलेला नाही.