दफ्तरबाईंची कोरी वही

टेबल डुगडुगलं आणि शिक्का तिरका बसला. दफ्तरबाईंनी कपाळाला हात लावला. कागद कुणा परक्याचा नव्हता, त्यांच्याच रजेचा अर्ज होता. त्यावर आता बोट ठेवायला जागा उरली नव्हती. सगळा मजकूर शिक्क्यांखाली गडप झाला होता. ‘आपली विश्वासू’ तेवढं दिसत होतं.

मागणं साधंच होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टरांनी हाच आठवडा सांगितलेला. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जावई गुणाचा, पण सुई नुसती बघितली तरी त्याला घेरी यायची. आईनंच जायला हवं होतं. रोज दुपारी लेकीचा फोन यायचा, ‘‘आई, निघालीस का गं?’’ आणि बाई म्हणायच्या, ‘‘कागद फिरतोय, राणी.’’

फिरत होता हे अगदी खरं. कार्यालयात कॉम्प्युटर आले आणि पाठोपाठ वरून फर्मान आलं. दफ्तरखान्यातला कागद आणि कॉम्प्युटरमधली त्याची प्रत तंतोतंत जुळल्याशिवाय काहीही साहेबांपुढे न्यायचं नाही. कुणा शहाण्याच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे! वरच्या मजल्यावरचे कॉम्प्युटरभाऊ अर्ज स्कॅन करून छापील प्रत खाली पाठवायचे. खाली बाई त्या प्रतीवर ‘मिळाले’चा शिक्का मारायच्या. शिक्का पडला की कागद बदलला, जुळणी मोडली. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा छपाई. छापताना मशीन तळाशी नवी तारीख आणि वेळ टाकायचं, म्हणजे कागद पुन्हा नवा, आणि नव्या कागदाला शिक्का हवाच. सगळ्यांचे अर्ज असेच घाण्याला जुंपलेले होते. कार्यालयातलं झाडून प्रत्येक टेबल डुगडुगत होतं, आणि त्यासाठी सुतार बोलवायचा अर्जही त्याच चकरा मारत होता.

‘‘बाई, एकदा शिक्का नाही मारला तर?’’ भाऊंनी विचारून पाहिलं होतं.

‘‘तुम्हीच ती तारीख काढा की.’’

‘‘ती आपोआप येते.’’

‘‘मग माझा शिक्काही आपोआपच पडतो!’’

बाई साहेबांकडेही जाऊन आल्या होत्या. साहेब मान वर न करता म्हणाले होते, ‘‘कागद येऊ द्या, लगेच सही ठोकतो.’’

दफ्तरखान्याच्या दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली होती, ‘गहाळ कागदांची नोंद’. नियम जुना होता. कागद हरवला तर साहेबांनी समोर बसून नवा लिहून घ्यावा आणि जागच्या जागी सही करावी. तिथं जुळणीची भानगड नव्हती, कारण हरवलेल्या कागदाशी जुळवणार काय, कपाळ? पण वही कोरी होती. बाई नोकरीला लागल्यापासून तिच्यात एक रेघ पडली नव्हती. कुणी पाहुणा आला की चहा विचारायच्या आधी त्या ती वही उघडून दाखवायच्या.

आज फोन लेकीचा आला नाही, जावयाचा आला. ‘‘आई, तिच्या पोटात दुखायला लागलंय. मी जरा... भिंतीला टेकून बसलोय.’’ आणि पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं.

नेमके त्याच वेळी भाऊ ताजी प्रत घेऊन खाली आले. बाईंचा हात सवयीनं शिक्क्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

‘‘भाऊ, हा अर्ज हरवला.’’

‘‘हरवला? तुमच्या हातात तर आहे!’’

‘‘हरवला म्हणते ना!’’

भाऊंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि त्यांनी दारामागच्या वहीकडे पाहिलं. ‘‘पण बाई, कॉम्प्युटरमधलं काही हरवत नाही.’’

‘‘मग माझ्याकडचं हरवतं होय?’’ बाई कडाडल्या, आणि त्यांचे डोळेच भरून आले. इतके दिवस दोघं एकमेकांच्या खात्याला ‘हरवाहरवीचं खातं’ म्हणून हिणवत आले होते. बाईंनी वही खिळ्यावरून काढली. कोऱ्या पहिल्या पानावर त्यांनी आपल्याच अर्जाची नोंद केली, ‘दफ्तरखान्यातून गहाळ.’

भाऊंना ते बघवेना. ‘‘त्याखाली माझंही लिहा,’’ ते म्हणाले. ‘‘कॉम्प्युटरमधूनही गहाळ.’’

आता कागद फाडायचा होता. बाईंनी तो भाऊंपुढे धरला. ‘‘तुम्ही फाडा. माझ्याच्यानं होणार नाही.’’

‘‘मला कुठं जमतंय! मी आजवर नुसती बटणं दाबलीत.’’

शेवटी बाईंनी अर्जाची नीट घडी केली, तिची आणखी एक घडी केली, आणि ती टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल गप्प बसलं. साहेबांनी नवा अर्ज लिहून घेतला, म्हटल्याप्रमाणे सही ठोकली, आणि बाई चपला हातात घेऊन जिन्यावरून पळाल्या.

नात झाली. रजा संपवून बाई परतल्या त्या पर्समध्ये बाळाचा फोटो आणि मनात वहीतल्या त्या नोंदीची धास्ती घेऊन. लोक काय म्हणतील? पण कुणी काही म्हणालं नाही. उलट जो तो लगबगीत होता. अर्ज म्हणे सकाळी दिला की दुपारी मंजूर होत होते. फर्मान फळाला आलं म्हणून वरून साहेबांना शाबासकीसुद्धा आली होती. बाईंनी दारामागे पाहिलं. खिळ्यावर नवी वही होती.

‘‘जुनी भरली,’’ भाऊ फोटोत डोकं खुपसून म्हणाले.

तेवढ्यात सुतार आला. त्याला बोलवायचा अर्जही एकदाचा मंजूर झाला होता. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो दोन्ही मजले फिरला, प्रत्येक टेबलावर हात दाबून बघितला, आणि चिडून परत गेला. अख्ख्या कार्यालयात एकही टेबल डुगडुगत नव्हतं.