बिनआवाजाचं विमान

मैदानालगतच्या सोसायटीनं आवाजाची तक्रार केली, म्हणून विश्वासरावांनी रिमोटवर उडणाऱ्या आपल्या विमानाचं पेट्रोल इंजिन काढलं आणि पंखांवर दोन विजेच्या मोटारी बसवल्या.

पहिल्याच उड्डाणात विमान गुपचूप वर गेलं आणि ते गोंधळले. विमान येतंय की जातंय, काही कळेना. रिमोटची दांडी डावीकडे दाबली, तरी आकाशातला ठिपका सरळच चालला होता.

"मोटारी उलट्या जोडल्या की काय मी?"

"अहो, कुठं बघताय?" शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शालिनीताई म्हणाल्या. "ती घार आहे. विमान तुमच्या पाठीमागं आहे."

ते गर्रकन वळले. तिकडे त्यांना नुसतं पांढरं आकाश दिसलं. इतके दिवस आपण विमान इंजिनाच्या आवाजावरच उडवत होतो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"शालू, मला ते दिसतच नाहीये गं. तू सांग."

त्या जवळ सरकल्या. "उजवीकडे घ्या. अजून थोडं. आता हळूहळू खाली."

"उतरलं का?"

"उतरलं." शालिनीताईंनी हात पुढे केला. "आता स्कूटरची किल्ली इकडे द्या."