मागचं दाखवणारा आरसा

क्लबला परवडेल असं, ग्लायडर ओढून वर नेणारं विमान आज निवडायचं होतं आणि मुकुंदा प्रत्येक विमानाला नाक मुरडत होता. त्याला गाडी लागायची, म्हणून तो जन्मभर जमिनीवरच, दोराने ग्लायडर खेचून वर चढवणारं विंच यंत्र चालवत राहिला. पण बायकोचं, वासंतीचं ग्लायडर आकाशात चढायचं ते त्याच्याच दोरावर. आता तिला ओढणार होता तो देखणा कॅप्टन राजाध्यक्ष!

"हे जुनं पिकांवरच्या फवारणीचं विमान झकास आहे, आणि स्वस्तही," कॅप्टन म्हणाला.

"समोर हा आरसा कशाला?" मुकुंदा गुरगुरला.

"मागचं ग्लायडर सतत दिसायला हवं ना!"

मुकुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "घ्या हेच विमान. पण चालवायला मी शिकणार!"

वासंतीने पर्समधली आवळासुपारी नवऱ्याच्या हातावर ठेवली.