चूळ भरायच्या आधी

कीर्तीने सासऱ्यांचं, महिपतींचं ताट पुन्हा वेगळं मांडलं आणि अंजनीबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"अगं, डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय. यांची ती हेपेटायटिस बीची कावीळ एका ताटात जेवल्याने होत नाही."

"पटतं हो आई," सून म्हणाली. "हिमानीला लसही दिलीय. पण जीव धजत नाही. लाळेचा रिपोर्ट क्लीन येऊ दे, मी स्वतः बाबांना आमच्यात बसवते."

लाळेचं प्रकरण असं, की कॅम्प पाचच्या दवाखान्यात लिव्हरच्या पेशंटांचा अभ्यास चालला होता. रक्तात विषाणू किती, लाळेत किती, हे तिथे मोजत. महिपतींनी नाव दिलं. रक्त तिथेच काढलं. लाळेसाठी नळ्या घरी दिल्या, एखादी सांडली तर असावी म्हणून दोन. सकाळी चूळ न भरता थुंकायचं आणि नळी आणून द्यायची. तिथल्या डॉक्टर संध्या मॅडमनी अंजनीबाईंनाही तपासून घ्या म्हटलं होतं. "मला काय धाड भरलीय?" म्हणून त्यांनी ते उडवून लावलं.

महिपतींनी गोळी कधी चुकवली नव्हती. पण नात हिमानी पलीकडून "आजोबा, घास" म्हणायची आणि हा माणूस मान खाली घालून जेवायचा. अंजनीबाईंच्या काळजाला घरं पडायची. पोरीला त्यांच्या मांडीवर बसवीनच, असं त्यांनी मनाशी धरलं.

त्या सकाळी महिपती नळी भरून आंघोळीला गेले. अंजनीबाईंनी ती कचऱ्यात टाकली, दुसरी घेतली आणि तीत स्वतः थुंकल्या. ठणठणीत बाईची लाळ, रिपोर्ट क्लीन येणारच. लबाडी? असेल. घर दुभंगत असताना खरेपणा काय चाटायचाय? बदलापूरहून कॅम्प पाचला त्या स्वतः नळी देऊन आल्या.

रिपोर्ट आल्यावर दवाखान्यात सगळ्यांनाच बोलावलं.

"काका, गोळ्या लागू पडल्या," मॅडम म्हणाल्या. "रक्तात विषाणू सापडतच नाही."

कीर्तीने पुढचं ऐकलंच नाही. तिने हिमानीला उचललं आणि थेट आजोबांच्या मांडीवर ठेवलं. महिपतींनी तिला पोटाशी धरलं. अंजनीबाईंनी पदराने डोळे पुसले. उगीच लबाडी केली, असं त्यांना वाटलं आणि हसूही आलं.

मॅडमनी दुसरा कागद पुढे ओढला.

"लाळेत मात्र भरपूर आहे. रक्तात नाही आणि लाळेत एवढा, असं होत नाही." त्या अंजनीबाईंकडे वळल्या. "काकू, नळी तुम्हीच आणली होतीत ना? तीत थुंकलं कोण?"