चाक फिरण्याआधी

तीस वर्षांपूर्वी बाबांनी बंद केलेली पाणचक्की मी पुन्हा उभी केली. वास्तुकला शिकले ती त्यासाठीच. पाटातला गाळ उपसला, भिंतीचे निखळलेले दगड बसवले, लाकडी चाक नवं करून घेतलं, जात्याचे गुळगुळीत झालेले दगड टाकी लावून पुन्हा खरखरीत करून घेतले. बाबा रोज यायचे आणि बघत बसायचे.

काल सगळं गाव जमलं. पाणी सोडायला मी झडप उचलणार, तोच बाबांनी धावत येऊन माझं मनगट धरलं.

"आधी खाली वाकून बघ गं! तुझी आई चाकात अडकलेला पाला काढायला उतरली होती. मी न बघताच पाणी सोडलं."

आई तापानं गेली, असं मला लहानपणापासून सांगितलं होतं.