डावीकडची जागा

ताई वारल्यावर त्याने चाली बांधणं सोडून दिलं होतं. शेवटी बायकोच त्याला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली.

"एकट्यालाच वाजवायचंय ना? मग छोटा मिडी कीबोर्ड पुरे," दुकानदार म्हणाला.

"पूर्ण लांबीचा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचाच द्या," तो म्हणाला. "स्वस्तातला चालेल."

घरी त्याने तो कॉम्प्युटरला जोडला आणि सवयीने उजवीकडे बसून दोघांची जुनी चाल धरली. डावीकडे लहानपणापासून ताई बसायची. चाल नेहमीसारखीच वाजली; त्याला काही वेगळं वाटलं नाही.

बायको दारात येऊन ऐकत उभी राहिली. "दोन्ही हातांनी वाजवायला कधी शिकलास रे?"

त्याचा डावा हात मांडीवर होता.

तो थांबला. डावीकडच्या तीन पट्ट्या दबलेल्याच राहिल्या. त्याने पुढचा सूर वाजवला, तेव्हा कुठे त्या वर आल्या.