दुसऱ्या मजल्याची अट

"अरे डावीकडून धर नीट! बाबा सांडतील ना!" नंदकिशोर जिन्यात ओरडला. चार धट्टेकट्टे बाप्ये, मध्ये लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत त्याचा बाप, गुणाजी. मागून बहीण मालन, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पंखा. काय तो थाट! भांडुपहून मुलुंडच्या हॉस्पिटलात वरातच आली होती म्हणा.

पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टर सुलक्षणाबाईंनी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. आतड्यात कॅन्सरची गाठ आहे, काढता येईल. पण सत्तरीचा माणूस, अंगावर मांस म्हणून नाही. असाच कापला तर टेबलावरून उठणार नाही. रोज दोन अंडी, मासे, डाळ खायला घाला. चालवा. जिने चढवा. मग दुसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीपर्यंत न थांबता चढून येऊ दे. आला, की ऑपरेशन.

यात न कळण्यासारखं काय होतं? पण नंदकिशोर पडला कचेरीतला हुशार माणूस. त्याने मान डोलावली आणि घरी येऊन बापाला पलंगावर आडवा केला. आजारी माणसाला चालवायचं? लोक तोंडात शेण घालतील! अंडी तर नकोच, श्रावण लागला होता. बाप वाचावा म्हणून देवाला साकडं घालायचं आणि त्याच घरात अंडं उकडायचं? छे! मऊ पेज आणि साबुदाण्याची खीर. म्हातारा उठू लागला की मालन डोळ्यांना पदर लावायची. "बाबा, माझी शपथ आहे." की तो परत आडवा. भेटायला येणारे सफरचंदं आणायचे, स्वतःच कापून खायचे आणि जाताना म्हणायचे, "पोरं असावीत तर अशी!" हो ना. बापाची वाट लावावी तर अशी.

खुर्ची दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी टेकली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी गुणाजीला धरून दाराजवळच्या काट्यावर उभं केलं. वजन चार किलोंनी उतरलं होतं. त्याला पुन्हा खुर्चीत बसवून त्या वळल्या.

"उचलून आणायला कोणी सांगितलं?"

"डॉक्टर, पाच आठवडे एक पाऊल टाकू दिलं नाही आम्ही त्यांना," नंदकिशोर छाती फुगवून म्हणाला. "आणि श्रावणात घरात अंडं शिरू दिलं नाही."

"मग ऑपरेशन नाही. ती गाठ तुमचा श्रावण पाळत नाही हो. अजून तीन आठवडे देते. तेवढ्यात हे स्वतः चढून आले नाहीत, तर मला काही करता येणार नाही."

मालनने तिथेच गळा काढला. नंदकिशोर लाल झाला.

"काय बाई आहे! काळीज नाही हिला," तो पुटपुटला आणि खुर्चीला हात घातला. "उचला रे. बाबांना आधी घरी नेऊन झोपवू."

चौघे वाकले. खुर्ची जमिनीवरून सुटली, तसा गुणाजीने जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी पकडला. खुर्ची तिरकी झाली, थर्मास खाली आपटला. तरी त्याने कठडा सोडला नाही.

"ठेवा माका खाली! चौघांनी उचलूक मी अजून मेलंय नाय!"